अरुणाचल प्रदेशात शिक्षिकेची नेमणूक: कुटुंबासह जावे का?

भीमाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. केंद्र सरकारच्या निवासी शाळा चालवणाऱ्या नवोदय विद्यालय समितीचे नेमणूकपत्र माझ्या हाती आले आहे. पद प्रशिक्षित पदवीधर शिक्षिका (गणित), विभाग शिलाँग आणि शाळा अरुणाचल प्रदेशातील एका डोंगराळ जिल्ह्यात. रुजू होण्याची मुदत जवळ आली असल्यामुळे तिकडे राहून शिकवलेल्या, किंवा नोकरीसाठी अशाच दूरच्या ग्रामीण राज्यात बिऱ्हाड हलवलेल्या मंडळींचा सल्ला हवा आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगते. आम्ही मंगळवेढ्याचे. एम.एस्सी., बी.एड. झाल्यापासून मी एका खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकवते आहे. राज्यातील भरतीची वाट मी बरीच वर्षे पाहिली. पहिली शिक्षक अभियोग्यता चाचणी २०१७ च्या डिसेंबरात झाली आणि दुसरी थेट २०२३ मध्ये. मधल्या काळात माझ्या बरोबरीच्या अनेकांनी शिक्षकी पेशाचा विचारच सोडून दिला आणि बँकेच्या परीक्षा दिल्या किंवा शिकवण्या सुरू केल्या. राज्याच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड झाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून दरमहा १६ ते २० हजार रुपये मानधनावर काढावी लागतात. नवोदयमध्ये मात्र पहिल्या दिवसापासून ४४,९०० रुपये मूळ वेतन, त्यावर महागाई भत्ता आणि राहायला आवारातच घर मिळते. त्यामुळे आर्थिक बाजूबद्दल माझ्या मनात शंका नाही.

शंका आहेत त्या पुढच्या. मुलगी चार वर्षांची आहे आणि नवोदय सहावीपासून सुरू होते, मग तिच्या बालवाडीचे आणि पहिलीचे काय करायचे? यजमान हिशेबनिशीची कामे करतात; ती त्यांना तिकडून सांभाळता येतील का? सासूबाई-सासरे इथेच राहणार आहेत आणि दोघांचीही साठी उलटली आहे. मुलांशी कोणत्या भाषेत बोलायचे, आणि बाहेरून आलेल्या बाईला तिथले लोक आपले म्हणतात का, हेही कळत नाही. शिवाय घरातील सगळेच म्हणत आहेत की आता रुजू हो, दोन-तीन वर्षांत बदली मागून परत ये. हा हिशेब मनात ठेवून जावे का, याबद्दल मला खरे उत्तर हवे आहे.

सुबनसिरी

भीमाकाठताई, अभिनंदन. मी लोअर सुबनसिरी जिल्ह्यात, झिरोच्या पठारावरच्या एका निवासी शाळेत अनेक वर्षे विज्ञान शिकवले आहे. आमचा मुलगा तिथेच चालायला शिकला, त्यामुळे तुमचे बरेचसे प्रश्न आमच्याही घरात येऊन गेलेले आहेत.

आधी प्रवासाचे सांगतो. पुण्या-मुंबईहून विमानाने गुवाहाटी, तिथून रात्रीच्या गाडीने नाहरलगून आणि तिथून सुमो, हा रुळलेला मार्ग आहे. नाहरलगूनपर्यंत रेल्वे २०१४ मध्ये आली आणि इटानगरजवळ होलोंगीचा दोन्यी पोलो विमानतळ २०२२ च्या नोव्हेंबरात सुरू झाला, त्यामुळे पूर्वीच्या मानाने राज्याच्या दारापर्यंत पोहोचणे फार सोपे झाले आहे. वेळ जातो तो दारातून आत शिरल्यावर. नाहरलगून ते झिरो हे अंतर जेमतेम शंभर किलोमीटरचे, पण चांगल्या दिवशीही त्याला चार तास लागतात, आणि पावसाळ्यात दरड कोसळली की किती लागतील ते कोणीच सांगू शकत नाही. सुमोच्या काउंटरवर आदल्या दिवशी नाव लिहून ठेवावे आणि लहान मूल बरोबर असल्याने मधल्या ओळीतील जागा मागून घ्यावी. गाव सोडल्यापासून घराच्या दारात पोहोचेपर्यंत दोन दिवस धरून चाला. सासू-सासऱ्यांच्या बाबतीत खरा विचार या दोन दिवसांचा करायला हवा.

अरुणाचलात जायला इनर लाइन परमिट लागते. १८७३ च्या ब्रिटिशकालीन विनियमातून आलेली ही व्यवस्था स्थानिक जमातींच्या जमिनीचे आणि व्यापाराचे रक्षण करते आणि तिथल्या लोकांना ती मनापासून हवी आहे. अर्ज ऑनलाइन करता येतो. पहिल्या खेपेला तुमच्याकडे खात्याचे ओळखपत्र नसणार, त्यामुळे तिघांचेही परवाने काढून ठेवा आणि छायाप्रती जवळ बाळगा. बाहेरच्या माणसाला तिथे जमीन विकत घेता येत नाही, व्यवसायाचा परवानाही सहजासहजी मिळत नाही. तुमच्या यजमानांनी तिकडे जाऊन दुकान किंवा कार्यालय काढण्याचा विचार केला असेल, तर तो आताच बाजूला ठेवावा. घरून संगणकावर होणारे काम जमू शकेल, मात्र दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे आणि चांगला इन्व्हर्टर घेऊन. पावसाळ्यात वीज आणि जाळे दोन्ही एकाच वेळी जातात, आणि नेमके तेव्हाच इकडे विवरणपत्रे भरण्याची मुदत संपत आलेली असते.

भाषेची काळजी करू नका. राज्यात पंचवीसहून अधिक प्रमुख जमाती आहेत, प्रत्येकीची भाषा वेगळी, आणि एकमेकांशी बोलताना सगळे हिंदी वापरतात. ती हिंदी लिंगभेदाच्या फार नादी लागत नाही. आठवड्याभरात कानाला सवय होते. शाळेचे माध्यम इंग्रजी असते. झिरोत आपातानी मुले मधल्या सुटीत आपसांत आपातानी बोलतात, ती चार वाक्ये तुम्ही शिकलात तर मुलांना जो आनंद होतो तो पाहण्यासारखा असतो.

दिवसाचे गणित मात्र बदलावे लागेल. घड्याळ आपलेच, पण सूर्य फार लवकर उगवतो. जूनमध्ये पहाटे साडेचारच्या सुमारास लख्ख उजेड होतो आणि डिसेंबरात दुपारी साडेचारला अंधार पडू लागतो. झिरो सुमारे पंधराशे मीटर उंचीवर आहे, तेव्हा जानेवारीत सकाळी गवतावर दहिवर गोठलेले दिसते. मंगळवेढ्याच्या माणसाला पहिला हिवाळा जड जाईल. गरम कपडे गुवाहाटीत घेतलेले बरे.

माळरान

सुबनसिरी यांनी चांगली माहिती दिली आहे, पण मी थोडी दुसरी बाजू मांडतो. माझी बहीण अशाच एका निवासी शाळेत ईशान्येत रुजू झाली होती. तिचे शिकवण्यावर प्रेम होते, मुलेही तिच्यावर जीव टाकत होती. पण निवासी शाळेतील शिक्षकाची नोकरी घंटा वाजली की संपत नाही, हे तिला आधी कोणी नीट सांगितले नव्हते. पहाटेची कवायत, दिवसभराचे तास, दुपारची उजळणी, संध्याकाळचा अभ्यासवर्ग, रात्रीची हजेरी. त्यात एखाद्या सदनाची, म्हणजे मुलांच्या वसतिगृहातील गटाची, जबाबदारी आली की रात्री दोन वाजता एखाद्या मुलीला ताप आला म्हणून आरोग्य केंद्रात घेऊन जाणेही तुमचेच काम. नवोदयच्या शिक्षकांना मूळ वेतनाच्या १० टक्के विशेष भत्ता मिळतो तो याचसाठी. या सगळ्यात तिचे स्वतःचे मूल आईला फक्त जेवणाच्या वेळी भेटत असे. अखेर तिने राजीनामा दिला.

ताई, चार वर्षांच्या मुलीकडे दिवसभर कोण पाहणार, हा प्रश्न यजमानांशी बसून स्पष्टपणे सोडवा. 'तिकडे गेल्यावर बघू' असे म्हणून निघू नका. आणि दोन-तीन वर्षांनी परत यावेसे वाटले तर त्यात अपराध मानण्याचेही कारण नाही. नोकरी ही नोकरी असते.

इंद्रावती

मी नवोदयमध्ये नाही, एकलव्य आदर्श निवासी विद्यालयात आहे, छत्तीसगडमध्ये बस्तर विभागात. मूळ गाव गोंदिया जिल्ह्यात, म्हणजे नकाशात पाहिले तर मी फार लांब गेलेलो नाही. तरीही गोंडी आणि हल्बी बोलणाऱ्या मुलांसमोर पहिल्या दिवशी उभा राहिलो तेव्हा मी परकाच होतो.

एकलव्य शाळांसाठी २०२३ मध्ये केंद्रीय पातळीवरून दोन जाहिरातींत मिळून १०,३९१ पदांची भरती निघाली. अनुसूचित जमातींची वस्ती निम्म्याहून जास्त आणि किमान २०,००० असलेल्या तालुक्यांत या शाळा काढण्याचे धोरण आहे, त्यामुळे त्या साहजिकच आडवळणी भागात असतात. भरती देशभरातून आणि परीक्षेत हिंदीचा भाग, यामुळे उत्तरेकडची पुष्कळ मुले दक्षिणेकडच्या राज्यांत नेमली गेली. त्यांना मुलांची भाषा येईना आणि मुलांना त्यांची. महिन्याभरातच बदलीचे अर्ज सुरू झाले. मी त्या तरुणांना दोष देत नाही. वर्षानुवर्षे बेकार राहून मिळालेली नोकरी कोण सोडेल? पण त्या वर्षी सहावीत आलेल्या मुलांच्या वाट्याला काय आले, याचाही विचार करायला हवा. आमच्याच शाळेत एका तुकडीला दोन वर्षांत गणिताचे चार शिक्षक मिळाले. प्रत्येकाने अपूर्णांकांपासून नव्याने सुरुवात केली आणि बीजगणितापर्यंत कोणीच पोहोचले नाही. आज ती मुले नववीत आहेत आणि ऋण संख्यांची वजाबाकी आली की पेन खाली ठेवतात. ती मंद नाहीत. त्यांना कोणी सलग शिकवलेच नाही.

म्हणून माळरान यांच्याशी मी एका मुद्द्यावर असहमत आहे. बदली मागणे हा हक्क आहे, त्याबद्दल वाद नाही. मात्र जाण्याआधीच परतीचे वर्ष ठरवून टाकले तर माणूस सामान पूर्ण उघडत नाही, आणि मुलांना ते आपल्याआधी कळते.

भीमाकाठ (धागाकर्ती)

सर्वांचे आभार. माळरान यांनी बहिणीचा अनुभव सांगितला तो आम्ही दोघांनी दोनदा वाचला. यजमान म्हणतात की पहिली दोन वर्षे मुलीची जबाबदारी ते घेतील आणि कामे कमी करतील. सध्याच्या माझ्या पगारात ते शक्य नव्हते, नव्या पगारात आहे. सासूबाईंनी आज सकाळी भाकऱ्या थापता थापता सांगितले की आमच्यासाठी थांबू नकोस, धाकटे दीर पंढरपुरात आहेत. त्यांच्या आवाजात काळजी होती, पण रोख जाण्याकडेच होता.

इंद्रावती यांनी लिहिलेल्या नववीच्या मुलांचा विचार मनातून जात नाही. मी गणितच शिकवणार आहे. तिथल्या मुलांना गणित शिकवताना नेमके काय वेगळे करावे लागते?

सुबनसिरी

गणिताबद्दल विचारलेत, हे फार बरे केलेत. मी विज्ञानाचा, पण शिक्षक कमी पडले की गणिताचे तास माझ्याकडे येत असत.

पहिली अडचण शांततेची. वर्गात 'समजले का?' असे विचारले की सगळी मुले एका सुरात होकार देतात. तो होकार आदराचा असतो, आकलनाचा नसतो. मोठ्या माणसाला 'नाही' म्हणणे त्यांना उद्धटपणाचे वाटते. तेव्हा असे विचारणेच सोडून द्या आणि प्रत्येकाला वहीत एक पायरी करून दाखवायला सांगा. चाळीस वह्यांवरून नजर फिरवायला पाच मिनिटे लागतात आणि कोण कुठे अडले आहे ते लगेच कळते.

दुसरी अडचण शाब्दिक उदाहरणांची. पुस्तकात दोन आगगाड्या समोरासमोरून येतात, फलाट ओलांडतात, वेग काढा म्हणून सांगतात. आमच्या वर्गातील बहुतेक मुलांनी आगगाडी पाहिलेली नव्हती. फलाट ओलांडताना गाडीची स्वतःची लांबीही मोजायची असते, हे न पाहिलेल्या मुलाला कसे पटावे? मग मी सुमो आणली. झिरोहून सुमो सकाळी सहाला निघाली, पोटीनजवळ दरड पडल्यामुळे दोन तास थांबली, नाहरलगूनला दुपारी बाराला पोहोचली. चालू असतानाचा वेग किती आणि सरासरी वेग किती? हा प्रश्न फळ्यावर लिहिल्याबरोबर मागच्या बाकावरची, महिनोन्महिने तोंड न उघडलेली मुले वाद घालू लागली, कारण त्यातला प्रत्येकजण त्या दरडीपाशी कधी ना कधी थांबलेला होता. सरासरी वेग शिकवून झाल्यावर आगगाडीचे उदाहरण पुन्हा घेतले, तेव्हा ते अवघड वाटले नाही. पुस्तक सोडून चालत नाही, परीक्षा सीबीएसईचीच असते. पण पुस्तकापर्यंत जाण्याचा रस्ता त्यांच्या गावातून काढावा लागतो.

आणखी एक प्रयोग सांगतो, तो तुम्हाला तसाच्या तसा वापरता येईल. नववीला त्रिकोणाच्या तीन बाजूंवरून क्षेत्रफळ काढण्याचे हेरॉनचे सूत्र असते. आपातानी लोकांची भातशेती प्रसिद्ध आहे. खाचरांतले पाणी बांधांनी इतक्या कौशल्याने खेळवलेले असते की भाताबरोबर त्याच पाण्यात मासेही वाढवतात. या खाचरांचे आकार अगदी वेडेवाकडे असतात. आम्ही मुलांना दोरी आणि बांबूच्या खुंट्या दिल्या, एका मुलाच्या मामाच्या खाचराचे त्रिकोण पाडायला लावले आणि प्रत्येक बाजू मोजून क्षेत्रफळ काढायला सांगितले. मामा बांधावर उभे राहून हसत होते. त्या खाचरात किती भात होतो हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने माहीत होते आणि मुलांचे उत्तर त्याच्याशी जुळते का, हे पाहण्याची त्यांनाच जास्त उत्सुकता होती. कर्ण मोजताना बांध तुडवायचा नाही, हे मात्र त्यांनी आधीच बजावले होते. सूत्र कोणालाही पाठ करायला सांगावे लागले नाही.

बाहेरून गेलेल्या शिक्षकाला हे जमायला वेळ लागतो. पहिले वर्ष गाव समजून घेण्यात जाते, दुसऱ्या वर्षी आपण थोडेफार शिकवू लागतो. त्यामुळे तिसऱ्या वर्षी निघून जाणाऱ्या माणसाला या नोकरीतला सर्वांत चांगला काळ मिळतच नाही. माझे म्हणणे असे की सहावीला आलेली एक तुकडी दहावी होऊन बाहेर पडेपर्यंत राहण्याच्या तयारीने जा. पुढे घरची निकड आली आणि आधी निघावे लागले, तर ती निराळी गोष्ट.

निवृत्त_मुख्याध्यापक

चर्चा वाचून समाधान वाटले. नवोदयशी आपल्या महाराष्ट्राचे नाते अगदी सुरुवातीपासूनचे आहे, ते इथे नोंदवतो. १९८५-८६ मध्ये ही योजना प्रायोगिक म्हणून दोनच ठिकाणी सुरू झाली, हरियाणात झज्जर आणि आपल्याकडे अमरावती. ग्रामीण भागातील हुशार मुलांना शहरातील मुलांच्या तोडीचे शिक्षण मोफत मिळावे, हा हेतू. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी राखीव असतात. नववीतील ३० टक्के मुले हिंदी भाषक आणि अहिंदी भाषक राज्यांमध्ये एकमेकांकडे वर्षभरासाठी पाठवण्याचीही पद्धत आहे. आमच्या गावातील एक मुलगा असाच उत्तर भारतात गेला होता. परत आला तेव्हा त्याच्या बोलण्यात जो मोकळेपणा आला होता, तो कोणत्याही शिबिरातून आला नसता.

ताई, एक अनुभवाचा सल्ला. निवासी शाळेत सहकाऱ्यांशी जमणे फार महत्त्वाचे असते. तेच शेजारी, तेच मित्र आणि तेच वरिष्ठ असतात. शिक्षककक्षातील कुरबुर संध्याकाळी घराच्या ओट्यापर्यंत येते. पहिले काही महिने कोणत्याही गटात न शिरता सर्वांना मदत करावी. मेसमधील बाई, चौकीदार आणि परिचारिका यांच्याशी आपुलकीने वागावे. अडचणीच्या रात्री तेच धावून येतात.

दिहांग

मी सियांग खोऱ्यात विवेकानंद केंद्राच्या कामाशी काही वर्षे जोडलेली होते. केंद्राचे संस्थापक एकनाथजी रानडे अमरावती जिल्ह्यातील टिमटाळ्याचे, आणि केंद्राच्या निवासी शाळा अरुणाचलात १९७७ पासून चालू आहेत. तेव्हापासून महाराष्ट्रातील कितीतरी तरुण-तरुणी तिकडे शिकवायला गेल्या. त्यामुळे 'महाराष्ट्राची बाई' म्हटल्यावर एखाद्या घरातील आजोबा आपल्या जुन्या शिक्षिकेची आठवण काढतात, असा अनुभव तुम्हाला येण्याची बरीच शक्यता आहे.

गाव आपले म्हणते का, असे तुम्ही विचारले होते. म्हणते, पण त्यासाठी गावात जावे लागते. शाळेच्या कुंपणाआड राहून वर्षे काढणारे शिक्षकही मी पाहिले आहेत. त्यांची तक्रार असते की इथले लोक मिसळत नाहीत. आपातानींचा द्री हा सण ५ जुलैला असतो, न्यिशींचा न्योकुम २६ फेब्रुवारीला, गालोंचा मोपिन एप्रिलच्या सुरुवातीला, आदी जमातीचा सोलुंग सप्टेंबरच्या सुरुवातीला. निमंत्रण आले की जा, मुलीलाही घेऊन जा. तांदळाची घरगुती दारू, जिला आदी जमातीचे लोक आपोंग म्हणतात, पाहुण्याला आधी दिली जाते. आपण घेत नसू तर दोन्ही हातांनी पात्र स्वीकारून नम्रपणे सांगावे, कोणी रागावत नाही. शाकाहारी असाल तर जेवणाची चिंता नको, भात, लाईची (मोहरीच्या पानांची) पालेभाजी, उकडलेल्या भाज्या आणि बांबूचे कोंब भरपूर मिळतात. ज्वारीचे पीठ मात्र मिळणार नाही. मंगळवेढ्याहून दळून न्या. पावसाळ्यात ते लवकर खराब होते, तेव्हा हिवाळ्यापुरतेच न्या.

आरोग्याबद्दल दोन शब्द. पायथ्याच्या पट्ट्यात मलेरियाची भीती असते, म्हणून वर राहणार असलात तरी येता-जाता मच्छरदाणी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत. काही खोऱ्यांत डिमडाम नावाची बारीक काळी माशी चावते. चावलेल्या जागी रक्ताचा ठिपका दिसतो आणि खाज दिवसेंदिवस राहते. लहान मुले खाजवून जखमा करून घेतात, तेव्हा मुलीच्या पायांत लांब मोजे असू द्या.

कर्वेरोड

मी पुण्यातील एका महाविद्यालयात शिकवते. ईशान्येतील बरेच विद्यार्थी आमच्याकडे येतात, त्यांच्या बाजूने एक गोष्ट मांडावीशी वाटते.

२०१४ च्या जानेवारीत नीडो तानिया हा अरुणाचलचा तरुण दिल्लीत दिसण्यावरून हिणवला गेला, त्यावरून झालेल्या मारहाणीनंतर त्याचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर ईशान्येतील लोकांना इतरत्र मिळणाऱ्या वागणुकीचा अभ्यास करण्यासाठी केंद्र सरकारने बेझबरुआ समिती नेमली. अरुणाचलातील पालक हे विसरलेले नाहीत. दहावी-बारावीची मुले तुम्हाला विचारतील की पुण्यात खोली मिळते का, लोक चिडवतात का, आम्हाला परदेशी समजतात का. त्यांना खोटा दिलासा देऊ नका. खोली मिळवताना त्रास होतो, हे मी दरवर्षी पाहते. तुम्ही तिथे परक्या असूनही सन्मानाने राहाल, आणि तुमचीच विद्यार्थिनी इथे आली की तिला घरमालकाच्या दारातून परत जावे लागते, हे अतिशय लाजिरवाणे आहे. तुमच्या ओळखीतील पुण्या-सोलापूरची चार चांगली घरे हाताशी ठेवा. शिक्षिका म्हणून तुम्ही त्या मुलांसाठी केलेल्या कामाइतकेच त्याचे मोल असेल.

माळरान

कर्वेरोड यांच्याशी पूर्ण सहमत. आणि इंद्रावती, तुमच्या चार शिक्षकांच्या उदाहरणावर विचार केला. माझ्या बहिणीच्या जागी पुढे बराच काळ कोणी आले नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही तिचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही, कारण शाळेने तिला सदनाच्या जबाबदारीतून काही काळ सूट दिली असती तर ती राहिली असती. शिक्षक टिकावेत असे वाटत असेल, तर लहान मुलांच्या आयांसाठी निवासी शाळांनी आवारात पाळणाघर चालवायला हवे. सगळा भार एकट्या शिक्षिकेच्या निष्ठेवर टाकणे योग्य नव्हे.

इंद्रावती

पाळणाघराचा मुद्दा अगदी बरोबर आहे. आमच्याकडे दोन शिक्षिकांनी मिळून शाळेतील एका मावशींना संध्याकाळपुरते मानधन देऊन ती सोय केली आहे. व्यवस्थेने करायला हवे ते त्या पदरच्या पैशांनी करत आहेत.

भीमाकाठ (धागाकर्ती)

आमचे ठरले आहे. मी रुजू होत आहे. पहिला महिना मी एकटी जाईन, घर आणि मुलीच्या शाळेची सोय पाहीन, मग यजमान तिला घेऊन येतील. शाळेच्या कार्यालयात दूरध्वनी केला होता. जवळच्या गावात पहिलीपर्यंतची एक छोटी खासगी शाळा आहे आणि आवारातील इतर शिक्षकांची मुलेही तिथेच जातात, असे कळले. किती वर्षे राहायचे, याची घरातील चर्चा मी थांबवली आहे. माझ्या हाती येणारी सहावी दहावीपर्यंत न्यायची, हे मी माझ्यापुरते ठरवले आहे आणि यजमानांना ते मान्य आहे.

सुबनसिरी, शेवटचा प्रश्न. पगारपत्रक आणि कागदपत्रांच्या बाबतीत रुजू होताना काय पाहून घ्यावे? आणि सामान रेल्वेने पाठवावे की तिकडेच घ्यावे?

सुबनसिरी

फार आनंद झाला. ईशान्येत काम करणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना मूळ वेतनाच्या १० टक्के विशेष कर्तव्य भत्ता असतो. तो तुमच्या आदेशात कसा नमूद आहे ते रुजू होतानाच लेखापालांना विचारा, कारण मागाहून थकबाकी काढून घेणे वेळखाऊ असते. दुर्गम ठिकाणच्या भत्त्याचेही विचारा, तो ठिकाणाप्रमाणे बदलतो. मूळ प्रमाणपत्रे, त्यांच्या साक्षांकित प्रती, वैद्यकीय दाखला आणि भरपूर पासपोर्ट छायाचित्रे एकाच पिशवीत ठेवून ती हातात बाळगा, सुमोच्या टपावर टाकू नका. टपावरच्या सामानावर ताडपत्री असली तरी पाणी आत जाते. कपाट, पलंग, गॅसची शेगडी असे जड सामान पाठवू नका, बदली होऊन जाणाऱ्या शिक्षकांकडून ते स्वस्तात मिळते. पुस्तके आणि मुलीची खेळणी मात्र टपालाने आधीच शाळेच्या पत्त्यावर पाठवा. जून ते सप्टेंबर या काळात जाणार असाल तर नाहरलगूनला एक मुक्काम धरून ठेवा आणि रस्ता चालू आहे का, हे सकाळी काउंटरवर विचारूनच निघा. निघण्याची तारीख ठरली की इथे लिहा, झिरोत आमच्या ओळखीची मंडळी आहेत, त्यांना कळवून ठेवतो.